मण्यापासून पट्टीपर्यंत

१२ सप्टेंबर

ढमी,

आज दुकान अर्धा दिवस होतं. सकाळी शाळेच्या अकरा पँटी कमरेत वाढवल्या. दोनला घरी आले. ह्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी नवीन काही सांगितलं नाही. येताना पाव आणला. सहा वाजता चहा केला, तो ह्यांनी घेतला नाही.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करणार होते, पण हल्ली फोनवर मला दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही आणि पलीकडचा माणूस उगाच घाबरतो. तुझा पत्ता आमच्या पोरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला. त्यावर ‘ढमी, नवीन हॉस्टेल’ असं लिहिलं आहे. तू ड्रम वाजवायचीस म्हणून तिने तुला ढमी केलं, तू तिला बुटकी केलंस, आणि चार वर्षं आमच्या घरी येऊनसुद्धा तुझं खरं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा ढमीच लिहिते.

काम असं आहे. तिच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार तुटली आहे. ह्यांच्या हातून तुटली.

पत्रा ठोकायच्या मशीनवर ह्यांची नोकरी झाली, त्यात कान गेले. बारीक आवाज सगळे गेले. माझं बोलणं ह्यांना ओठांवरून कळतं, तिचं तेही कळायचं नाही, ती फार भरभर बोलायची. पण जाड, खालचे आवाज अजून येतात. ट्रक गेलेला कळतो. तिची गिटार कळायची. मे महिन्यात ती गेली, तेव्हापासून हे रोज सहा वाजता तिच्या खोलीत जातात, दार लोटून घेतात, स्पीकरचा खोका चालू करतात आणि ती जाड तार एकदा वाजवतात. एकदाच. मग अर्धा तास काही नाही. मग बाहेर येतात आणि जेवतात. मी हल्ली दुकानातून लवकर येते, त्यामुळे स्वयंपाकघरात तो एक आवाज ऐकू येतो. तिचं म्हणून तेवढंच ह्यांना ऐकू येतं, म्हणून जात असतील.

गेल्या आठवड्यात तार सैल झाली असं वाटून ह्यांनी खुंटी पिळली. कुठे थांबायचं ते समजलं नाही. तार तुटून गालावर बसली, वळ अजून आहे. तेव्हापासून खोलीत जात नाहीत. कामावरही गेलेले नाहीत. बाहेरच्या खुर्चीवर बसून असतात. काल एकदम मोठ्याने म्हणाले (हे सगळंच मोठ्याने म्हणतात), “तेवढंच होतं, तेही मी तोडलं.”

मी म्हटलं, “अहो, तार आहे ती. दुसरी मिळते.”

“मग आण.”

ती आणायची आहे. कोणती आणायची ते मला माहीत नाही. गिटार लहान आहे एवढं दिसतं. तुला माहीत असेल.

मे महिन्यात तू आली नाहीस. नोकरी नवीन होती, रजा मिळाली नसेल. मनात काही ठेवू नकोस.

काकू


२१ सप्टेंबर

काकू,

तुमचं पत्र आमच्या हॉस्टेलच्या चौकीदाराने तीन दिवस टेबलाखाली दडवून ठेवलं होतं. हाताने लिहिलेलं पत्र म्हणजे कोणीतरी माझ्यावर खटला भरलाय असं त्याला वाटलं. देताना म्हणाला, “ताई, वकील बघून ठेवा.” मी म्हटलं, घरचं आहे. मग त्याला जरा वाईट वाटलं, माझ्यासाठी की खटल्यासाठी ते कळलं नाही.

मी इथे औषधांच्या गोदामात खोकी मोजते. खोलीत आम्ही चौघी. बरं चाललंय.

आता तार. बुटकीची गिटार शॉर्ट स्केल आहे, म्हणजे मान आखूड. मोठ्या गिटारवर तिचा हात पहिल्या पडद्यापर्यंत पोचेपर्यंत आमचं अर्धं गाणं संपायचं, म्हणून ही घेतली. तारा तीन लांबीच्या येतात, शॉर्ट, मीडियम आणि लाँग. दुकानदार लाँग गळ्यात मारतात, कारण त्यांच्याकडे तेवढीच असते. ती घेऊ नका.

तारेच्या एका टोकाला पितळी मणी असतो, तो अडकतो. दुसरं टोक बारीक होत जातं, त्यावर रंगीत दोरा गुंडाळलेला असतो. गिटारच्या मानेच्या टोकाला खाचांची पांढरी पट्टी आहे बघा. जाड भाग ती पट्टी ओलांडून जरासा पुढे गेला पाहिजे आणि तिथे संपला पाहिजे. खुंटीवर बारीक भागच गुंडाळायचा. म्हणून मण्यापासून पट्टीपर्यंत मोजा, आणि पाकिटावर जाड भागाची लांबी त्याहून इंचभर जास्त लिहिलेली असेल ती तार घ्या. गिटारचं स्केल आणि तारेची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे इथेच फसतात.

काकांना सांगा, तारा तुटतातच. बुटकीने एक भर कार्यक्रमात तोडली होती, आणि “तार जुनी होती” असं माइकवर सांगून उरलेल्या तिनांवर निभावून नेलं. आठवड्यापूर्वीच घातली होती ती तार.

मी तिथे असते तर पाच मिनिटांत बसवून दिली असती. रजा मिळत नाही.

ढमी


३ ऑक्टोबर

ढमी,

आज वीज नव्हती, पायाने मशीन चालवलं. नऊ फ्रॉक झाले. घरी आले तेव्हा हे खुर्चीवरच होते, सकाळचं पेपराचं पान मांडीवर तसंच.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी मंगळवारीच दुकानात जाऊन आले होते. थांबायला हवं होतं.

दुकानदार पोरगेला आहे, शेंडी बांधतो. मला बघून म्हणाला, “काकू, तुम्ही वाजवणार?”

मी म्हटलं, “नाही, टाके घालणार.”

त्याने लाँगचं पाकीट काढलं. सगळ्यांना हीच बसते, म्हणाला. मी म्हटलं, गिटार लहान आहे, मोठी नाही का होणार? तर म्हणाला, “मोठी झाली तर कापायची की!”

हे मला पटलं. शाळेचा कपडा शिवताना आम्ही दोन इंच आत दुमडून ठेवतो, मूल वाढतं म्हणून. जास्तीचं आत घालता येतं, कमी पडलं की संपलं. मी जन्मभर तेच केलं आहे. म्हणून घेतली.

तार लाकडाच्या मागच्या बाजूने भोकात घालायची असते हे तुटक्या तुकड्यावरून समजलं. ती आरपार येऊन पुढे लोखंडी घोडीवरून वर जाते. तशी घातली. खुंटीपर्यंत नेली तर तिथेही जाडच. दोऱ्याचा भाग खुंटीच्या पुढे दोन-तीन बोटं. जाड तार खुंटीवर वळेना. हे शेजारी उभे होते, म्हणाले, “काप.” मी पक्कडीने कापली. कापल्याबरोबर वरची गुंडाळी उसवायला लागली, मफलरचा टाका सुटतो तशी. मी चिमटीत धरली. हे ओरडले, “सोडू नको! सोडू नको!” धरून किती वेळ उभी राहणार? शेवटी सोडली. फिरत फिरत सगळी उसवली, आत नुसती सळई राहिली.

हे परत खुर्चीवर जाऊन बसले.

ह्यांच्या कामावरचे स्टोअरचे साहेब परवा घरी येऊन गेले. भला माणूस आहे. “या तुम्ही, नुसते बसा, कोणी काम सांगणार नाही,” असं दोनदा म्हणाले. ह्यांनी त्यांच्या ओठांकडे बघितलंच नाही, त्यामुळे ते काय म्हणाले ते ह्यांना अजून माहीत नाही. मी सांगितलं तर मान फिरवतात. जेवण अर्ध्यावर आलं आहे. वजन करायला नको म्हणतात, पण पट्ट्याला मी दोन नवीन भोकं पाडली.

आता तू म्हणतेस तसं टेपने मोजलं. घोडीपासून पांढऱ्या पट्टीपर्यंत तीस इंच भरले. दोनदा मोजलं. बरोबर आहे का ते सांग, म्हणजे आता चूक नको.

काकू


११ ऑक्टोबर

काकू,

तीस असेल तर शॉर्ट. पोस्टाने पाठवणाऱ्या एका दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. जाड तार सुटी मिळते, सगळा संच घेऊ नका.

कापायच्या आधी तार पक्कडीने काटकोनात वाकवायची आणि वाकवल्याच्या पुढे कापायची. मग उसवत नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं. चूक माझी.

इथे मोजणी चालू आहे, घाईत आहे.

ढमी


६ नोव्हेंबर

ढमी,

आज दुकानात गेले नाही. घर झाडलं, डाळीचे डबे उन्हात ठेवले. ह्यांची दाढी मी केली.

तार यायला दोन आठवडे लागले. रोज पोस्टमन आला की हे उठून बघायचे. पहिल्यांदाच काहीतरी बघत होते, म्हणून मला बरं वाटत होतं. मागच्या सोमवारी आली. तू सांगितल्याप्रमाणे बसवली. बसवतानाच काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण ह्यांनी तोवर स्टूल ओढून खोक्याला पाठ लावली होती. आता थांबायचं कसं? दोऱ्याचा रंगीत भाग पांढऱ्या पट्टीच्या अलीकडेच सुरू झाला. जाड भाग तिथवर पोचलाच नाही.

ह्यांनी वाजवली. फडफड झाली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“हे काय?”

“तार.”

“शिंकतेय ती.”

मला हसू आलं आणि ह्यांनाही आलं असतं, पण नाही आलं. उठून गेले. तेव्हापासून पोस्टमनकडेही बघत नाहीत. दिवसभरात चार शब्द होतात, त्यातले दोन ‘नको’ असतात.

मी जमिनीवर बसून पुन्हा मोजलं. चूक माझी होती. तू मण्यापासून म्हणाली होतीस. मणी मागच्या बाजूला असतो. तार आधी लाकडातून येते, मग घोडीवर चढते. मी पुढून दिसते तेवढीच मोजली, आत गेलेली धरलीच नाही. कोणी शिकाऊ मुलीने दुमडीतलं कापड न धरता माप दिलं तर मी तिला दिवसभर ऐकवते. आणि मीच ते केलं. मागच्या मण्यापासून सव्वातेहतीस इंच भरतात. म्हणजे हिला मीडियम लागते. गिटार शॉर्ट, तार मीडियम.

शेंडीवाला म्हणतो, मीडियम कोणी मागत नाही म्हणून येत नाही. पोस्टाच्या दुकानाने कळवलं की संपली आहे, परत कधी येईल सांगता येत नाही. आता कोणाला विचारायचं मला कळत नाही. मला ह्या एकाच गोष्टीचं काहीतरी करता येईल असं वाटलं होतं.

तिची वही पुन्हा चाळली. एप्रिलमध्ये एका पानावर लिहिलं आहे, ‘तार – मीडियम – ढमी आणतेय.’ तू तेव्हा कुठून आणणार होतीस ते दुकान आठवत असेल तर कळव. मी स्वतः जाऊन येईन. लांब असलं तरी चालेल.

काकू


१६ नोव्हेंबर

काकू,

दुकान आठवतं. आमच्या गोदामाच्या मागच्या गल्लीत होतं, उन्हाळ्यात बंद झालं. तार मी एप्रिलमध्येच घेतली होती. ती माझ्या कपाटात आहे. म्हणजे होती. या पत्राबरोबर पाठवतेय.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाही ती होती. मी तुम्हाला पानभर लांबी समजावत बसले आणि कपाट मागे होतं. तुम्ही तीस इंच लिहिलंत तेव्हा वाचतानाच मला कळलं की तुम्ही पुढून मोजलंय. तिच्या गिटारचं माप मला पाठ आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुढे विचारलं असतंत, मीडियम कुठे मिळेल. म्हणून शॉर्ट लिहून मोकळी झाले. काकांचं जेवण अर्ध्यावर आलंय हे वाचूनसुद्धा. मी अशी आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

पाकिटावर तिने मापाची चिठ्ठी चिकटवलीय, मी दुकानात विसरेन म्हणून. ‘ढमे, मीडियम! मागून घालायची आहे, शॉर्ट आणलीस तर तुलाच बांधीन.’ ती काढून ठेवावी असं दोनदा मनात आलं. तशीच पाठवतेय.

मे महिन्यात तिने दवाखान्यातून फोन केला होता. तिसरा दिवस होता तापाचा. म्हणाली, “तार घेऊन ये.” मी म्हटलं, “तिथे काय सलाइनच्या खांबाला लावणार आहेस? आधी बरी हो, मग आणते.” ती म्हणाली, “आण ना, नुसती बघते.” मी म्हटलं, “बरी हो, मग.” मला वाटलं, अडवून धरलं तर लवकर उठेल. रजेचा अर्जसुद्धा केला नव्हता मी. तुम्ही म्हणता रजा मिळाली नसेल. मागितलीच नाही. पाचव्या दिवशी तुमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला आणि नंतर मला तुमच्या दारात यायचं तोंड राहिलं नाही.

ड्रमचं म्हणाल तर विकले. संचातल्या उरलेल्या तिन्ही तारा पाकिटात आहेत, पण गिटारवरच्या बदलू नका. जुन्या तिच्या आहेत.

मला उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल.

ढमी


४ डिसेंबर

ढमी,

आज मंगळवार. दुकानात पूर्ण दिवस. चौदा शर्टांच्या कॉलरी उलटवल्या. पाच वाजता आले.

पाकीट चोवीस तारखेला मिळालं. पत्र वाचलं आणि ती दोन्ही मी सुईदोऱ्याच्या डब्याखाली ठेवून दिली. मला राग आला होता. तीन महिने हा माणूस माझ्यासमोर वाळत होता. मी आठ दिवस तुला मनातल्या मनात बोलले. चांगलं बोलले नाही. मग राग राहिला, पण करायचं काय त्याचं, म्हणून काल पाकीट काढलं.

दवाखान्यात मीच तिच्या उशाशी होते. तो फोन मी तिला लावून दिला होता. ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली गं? तर म्हणाली, “भाव खातेय.” हसून म्हणाली होती. तुला हे सांगावं की नाही ते मी दोन दिवस ठरवत होते.

तार आज बसवली. मागून घातली, मणी टेकला, जाड भाग पट्टी ओलांडून दोन बोटं पुढे गेला आणि तिथे हिरवा दोरा सुरू झाला. काटकोनात वाकवून मग कापली. उसवली नाही. अगदी अंगाबरोबर बसली. किती घट्ट करायची ते शेंडीवाल्याने मोबाइलवर बघून करून दिलं, तो दुकान बंद करून घरी आला होता. “काकू, तुम्ही तर मिस्त्री झालात,” म्हणाला आणि चहा न घेता गेला.

सहा वाजता मी ह्यांना हाताने धरून खोलीत नेलं. यायला तयार नव्हते. “पुन्हा शिंकेल,” म्हणाले. मी खोका चालू केला आणि आज पहिल्यांदा आत थांबले. दार मीच लोटलं.

ह्यांनी हात पँटला पुसला आणि अंगठ्याने तार वाजवली. एकदाच. चांगला आवाज आला ढमी, मला पायात कळला. ह्यांचा चेहरा एकदम खुलला. मग हे स्टुलावर बाजूला सरकले. अर्धं स्टूल रिकामं केलं आणि गिटार त्या बाजूला धरून ठेवली, कोणाला तरी द्यायला धरतात तशी. आणि थांबले.

मी बघत राहिले. पाच मिनिटं झाली असतील. मी समोर जाऊन म्हटलं, “वाजवा ना अजून. आता बरोबर आहे.”

“मला एवढंच येतं,” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“कामावरून आलो की मी एवढं वाजवायचो. मग ती कुठूनही धावत यायची, हात पुसलात का म्हणायची आणि पुढचं वाजवायची. मी पाठ लावून ऐकायचो.”

मी तेव्हा सातपर्यंत दुकानात असायचे. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं ह्यांना तो आवाज ऐकायचा असतो. म्हणून तीन महिने मी तारेच्या मागे लागले. ह्यांना तो आवाज ऐकायचा नव्हता. हाक मारायची होती.

थोड्या वेळाने ह्यांनीच विचारलं, “तू घेतेस पुढे?”

मी म्हटलं, “मला नाही येत.”

“माहीत आहे,” म्हणाले. पण गिटार तशीच धरून ठेवली होती. ती खाली कलायला लागली तेव्हा मी घेतली आणि भिंतीला टेकवली. आज हे जेवले. कामावर उद्या जातो म्हणाले, बहुतेक जातील. सहाला परत येतील आणि पुन्हा वाजवतील. मला ते थांबवता येणार नाही आणि पुढे काय करायचं तेही मला येत नाही. तार बरोबर आहे, आता तिचं काही करायला उरलं नाही.

तिच्या चिठ्ठीचं पाकीट माझ्याकडेच ठेवते. तुला हवं असेल तर लिही, अर्धं कापून तर देता येणार नाही, पण नकलून पाठवीन.

यायचं असलं तर ये. ते मी तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही, ते मला अजून नक्की माहीत नाही. पण ये.

हे पत्र लिहीत होते तेवढ्यात हे खुर्चीवरच झोपले. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली. मग आत जाऊन दुधाचं पातेलं घासलं. तळाला लागलं होतं, बराच वेळ लागला. ते पालथं घातलं, हात पुसले आणि राहिलेल्या या चार ओळी लिहिल्या. आता पाकीट चिकटवते.

काकू